भगवानदादांचा डान्स नेमका कसा करतात? वडिलांच्या पंचाहत्तरीला बसवायचा आहे.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, की कोरिओग्राफर म्हणाला, "त्यात शिकवण्यासारखं काही नाही, नुसते हात हलवायचे. तासाभरात बसवून देतो." हे वाचलं आणि झोपायची वेळ झालेली असूनही लिहायला बसलो. "त्यात काही नाही" हे मी १९८३ पासून ऐकतोय, आणि तेही माझ्या घरातून.

तर पहिलं म्हणजे तो कोरिओग्राफर बदला. ज्याला त्यात काही दिसत नाही तो काय शिकवणार?

आमचे अण्णा १९३४ चे. ज्यात हा नाच आहे तो भगवानदादांचा सिनेमा 'अलबेला' आला १९५१ मध्ये, म्हणजे तेव्हा ते सतराचे. नाशिकच्या विजयानंद टॉकीजला त्यांनी तो नऊ वेळा पाहिला. घरी कळलं ते सहाव्या वेळी, तरी आणखी तीनदा गेले. पुढे नाशिकरोडला प्रेसमध्ये लागले आणि आयुष्यभर मशीनवर उभे राहिले. बोलणं अगदी कमी. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांनाही त्यांचा आवाज नीट माहीत नसेल. पण अनंत चतुर्दशीला बँडवाल्याने 'अलबेला'तलं 'भोली सूरत' धरलं की हा माणूस नाचायचा, आणि मेन रोडवरची गर्दी बाजूला व्हायची.

आता तुमचा प्रश्न. आमच्या वाड्याच्या चौकात शहाबादी फरशी होती, एकेक फरशी दोन बाय दोनची. अण्णा मला एका फरशीवर उभं करायचे. पाय सांध्यावर गेला की पुन्हा पहिल्यापासून. मिरवणुकीत पुढे बँडवाले आणि मागे ट्रॅक्टर, त्यामुळे माणसाला जागा तेवढीच मिळते आणि नाच त्या जागेत बसला पाहिजे. गुडघे किंचित मोडलेले, टाच जेमतेम सुटेल इतकीच, आणि वजन या पायावरून त्या पायावर. उडी कुठेच नाही. हात कोपरात वाकवून छातीच्या जरा खाली, एक पुढे तर एक मागे, मनगटं सैल. मनगटांवर अण्णांचा फार जोर. म्हणायचे, "हात धुऊन आलायस आणि पंचा सापडत नाहीये असं समज. झटकायचं नाही, निथळू द्यायचं." खांदे तालाच्या केसभर मागून यायला हवेत. तोंड मिटून हसायचं. दात दिसले की अण्णा थांबवायचे.

हे सगळं एकत्र जमायला मला दोन पावसाळे लागले. तासाभरात म्हणे!

आमचा थोरला भाऊ, दादा, त्याचं म्हणणं असं की हा नाच प्यालेल्या माणसासारखा दिसतो. अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नाही हे त्यालाही माहीत आहे. सैल दिसतं म्हणून लोकांना सोपं वाटतं. प्यालेल्या माणसाला एका फरशीवर उभं करा आणि सांगा गाणं संपेपर्यंत सांध्यावर पाय द्यायचा नाही.

१९८३ च्या विसर्जनाचं सांगतो. 'डिस्को डान्सर' आदल्या डिसेंबरात आला होता, त्यामुळे त्या वर्षी सगळी पोरं मिथुन झाली होती, मी धरून. दादा तेव्हा नुकताच एका बँकेत चिकटला होता. मिरवणूक वाकडी बारवेपासून निघाली, आम्ही धुमाळ पॉइंटला पोचेपर्यंत रात्र झाली. तोवर बँडवाले आम्हा पोरांसाठी डिस्कोच वाजवत होते. मग क्लॅरोनेटवाल्याला अण्णा दिसले. त्याने ट्रम्पेटवाल्याला कोपराने ढोसलं आणि सूर बदलला. अण्णांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. दर वर्षी ते चपला काढून माझ्याकडेच द्यायचे, मी त्या छातीशी धरून उभा राहायचो. कातडी चपला, अंगठा नुकताच शिवून आणलेला, वर गुलाल बसलेला.

रिंगण झालं. अण्णा मध्ये. एकोणपन्नास वर्षांचे, पांढरा लेंगा, नेहरू शर्ट. मिथुनवाली पोरंही थांबून बघत होती.

दादाचे साहेब बायकोमुलांसकट एका दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि ते हसले. कशाला हसले देव जाणे, आवडलं म्हणूनही हसले असतील. दादाने ते हसणं पाहिलं. तो रिंगणात आला, माझ्या हातातून चपला घेतल्या, अण्णांच्या पायाशी टाकल्या आणि म्हणाला, "घाला. चला घरी."

बँड लगेच थांबत नाही. दोनचार मात्रा तसाच वाजत राहिला आणि अण्णांचं डावं मनगट तेवढ्या मात्रा हलत राहिलं. मग त्यांनी चपला घातल्या, क्लॅरोनेटवाल्याला हात जोडले आणि गर्दीतून उलटे निघाले. गणपती आमच्याशिवाय रविवार कारंज्यावरून पुढे रामकुंडाकडे गेला. मी सतराचा होतो, चपला माझ्या हातात होत्या, मी त्या सोडायला नको होत्या.

पुढच्या वर्षीपासून अण्णा मिरवणुकीला ओट्यावर बसून राहायचे. कोणी बोलवायला आलं तर म्हणायचे, पाय दुखतात.

दादा अजून म्हणतो, मी त्यांची अब्रू राखली. गेल्या भाऊबीजेलाही ताटावर हाच विषय. कसली अब्रू? भगवानदादा गिरणीत काम केलेला माणूस. स्टंटचे सिनेमे करत वर आला, 'अलबेला' स्वतः काढला, स्वतः त्यात नाचला. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपलीच गोदावरी पुढे ज्या पुणतांब्यावरून जाते तिथल्या माणसाचं. त्या वर्षी सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांत तो होता. पुढे भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, दादरच्या चाळीत दिवस काढले. तो नाच मात्र राहिला. अमिताभच्या नाचात भगवानदादा दिसतात हे डोळे असणारा कोणीही सांगेल. म्हणजे अमिताभने उचलला तर ती स्टाइल, आणि प्रेसमधल्या कामगाराने मेन रोडवर केला तर अब्रू गेली?

एक मात्र सांगायला हवं, आमची आई या बाबतीत अण्णांच्या बाजूची कधीच नव्हती. ती येवल्याची, आणि ललिता पवारही येवल्याच्या. १९४२ मध्ये शूटिंगला भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि ललिताबाईंचा डोळा कायमचा अधू झाला. आईने ते भगवानदादांना कधी माफ केलं नाही. टीव्हीवर गाणं लागलं की उठून आत जायची. तिचं मला पटतं. पण दादाचं अजिबात पटत नाही.

४ फेब्रुवारी २००२ ला भगवानदादा गेले. बातम्यांत 'अलबेला'तल्याच 'शोला जो भडके'चा तुकडा दाखवला. वाडा तोवर पडलेला, आम्ही फ्लॅटमध्ये. अण्णा अडुसष्टचे. खुर्चीतून उठले, चपला काढून बाजूला सारल्या आणि टीव्हीसमोर उभे राहिले. एकोणीस वर्षांनी मनगट पुन्हा तसंच निथळलं. तुकडा संपल्यावरही थांबले नाहीत. माझी मुलगी सहा वर्षांची, ती शेजारी जाऊन उभी राहिली. फ्लॅटमधल्या फरश्या लहान, म्हणून त्यांनी तिला सांगितलं, "या चार मिळून आपली एक." आई तेव्हा आत गेली नाही. दारात उभी राहून बघत होती.

तर तुमच्यासाठी. गाणं 'भोली सूरत'च घ्या, आमच्याकडे बँडवर तेच चालायचं. स्टेजवर खडूने दोन बाय दोनचे चौकोन आखा आणि सगळ्यांना महिनाभर त्यातच नाचवा. मूळ गाणं मिळतं, ते आधी बिनआवाजाचं बघा. मी जे सांगतोय ते अण्णांचं आहे, भगवानदादांचं थोडं वेगळं असेल, आणि मुंबईकडचे लोक हात जास्त वर नेतात तेही चूक म्हणता येणार नाही. वडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर वाकणं सोडा, खांदे आणि मनगटं पुरेत, खुर्चीत बसूनही होतं. आणि आधी त्यांना विचारा. सरप्राइज वगैरे नको, सगळ्यांसमोर एकदम मध्ये ओढलेलं वडीलधाऱ्यांना आवडेलच असं नाही.

पण ते हो म्हणाले तर नातेवाइकांचं तोंड बघत बसू नका, त्यांना मध्ये उभं करा आणि तुम्ही कडेला नाचा. चपला काढून ते कोणाच्या तरी हातात देतील. तो माणूस गाणं संपेपर्यंत जागेवरून हलणार नाही आणि चपला कोणाला देणार नाही, एवढं बघा.