वसुंधरा दिनाचा कार्यक्रम: गाड्यांचा आवाज पुसू नका

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथूनच सुरुवात करतो. २२ एप्रिलला वसुंधरा दिनानिमित्त तुमचा गट तासाभराचा थेट कार्यक्रम करतोय. हाताशी ड्रोनने टिपलेली तळ्याची दृश्यं, पहाटेच्या पक्ष्यांचं रेकॉर्डिंग आणि एका अभ्यासकाची मुलाखत आहे. निसर्गाचं सौंदर्य दाखवायचं की ऱ्हास, यावर गटात दोन तट पडलेत. आणि सगळ्यात शेवटी विचारलंय, पक्ष्यांच्या आवाजामागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात, त्या कोणत्या सॉफ्टवेअरने काढाव्यात?

काढूच नका. तुमच्या वादाचं उत्तरही त्या गाड्यांमध्येच आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९ मे १९२४ च्या रात्री बीबीसीने इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका बागेतून थेट प्रक्षेपण केलं. बिअट्रिस हॅरिसन चेलो वाजवत होत्या आणि झाडीतून नाइटिंगेल साथ देत होता. (तो पक्षी खरा होता की नकला करणारा कलाकार, याबद्दल अलीकडे शंका घेतली गेलीय, पण तो वाद इथे नको.) लोकांना कार्यक्रम इतका आवडला की पुढे दरवर्षी होऊ लागला. १९४२ साली त्याच बागेत फक्त पक्ष्याचा आवाज घेण्यासाठी माइक लावले होते. अचानक घरघर वाढू लागली. जर्मनीवर हल्ल्याला निघालेली ब्रिटिश बाँबफेकी विमानं डोक्यावरून जात होती. शत्रूला आगाऊ सुगावा लागू नये म्हणून थेट प्रक्षेपण तोडलं, ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिलं. तो तुकडा आजही ऐकता येतो. पक्षी गातोय आणि त्याच्या वरून विमानांचा थर चढत चाललाय. नाइटिंगेलची याहून कितीतरी स्वच्छ रेकॉर्डिंगं असतील, पण त्या काळाबद्दल हा तुकडा जे सांगतो ते त्यांच्यात नाही.

निसर्गाच्या कार्यक्रमांची जुनी खोड म्हणजे माणसाला चौकटीबाहेर ठेवणं. कॅमेरा जरा डावीकडे वळवला तर विजेचा खांब दिसेल, म्हणून तो वळवत नाहीत. आवाजाच्या बाबतीत तर प्रेक्षकांना कल्पनाही नसते. लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्याचा आवाज त्या अंतरावरून मिळतच नाही. पावलांचा, चघळण्याचा, पंखांचा आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत तयार करतात. पडद्यावर टकल्या गरुडाच्या चोचीत रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंकाळी घालायची प्रथा तर इतकी रुळलीय की खऱ्या गरुडाची किरटी चिवचिव ऐकून लोकांचा हिरमोड होतो.

प्रत्येक बनाव सारख्याच वजनाचा नसतो, हेही खरं. १९५८ च्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या डिस्ने माहितीपटात लेमिंग (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले उंदरासारखे छोटे प्राणी) सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवलं. प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून पाण्यात ढकलले होते, हे नंतर उघड झालं. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि तो गैरसमज आजतागायत जिवंत आहे. २०११ च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या बीबीसी मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांची दृश्यं प्राणिसंग्रहालयात घेतली होती. खऱ्या गुहेत कॅमेरा घातला असता तर मादीने पिल्लं टाकली असती किंवा मारली असती, हे निर्मात्यांचं म्हणणं मला पटतं. तरी टीका झालीच, कारण कार्यक्रम चालू असताना निवेदनात ते सांगितलं नव्हतं. एका वाक्यात काम झालं असतं. तुमच्या कार्यक्रमात दुसरीकडचं फुटेज असेल तर ते वाक्य तिथल्या तिथे बोला, श्रेयनामावलीत लपवू नका.

आता सौंदर्य की ऱ्हास? मला ही फाळणीच मान्य नाही. वसुंधरा दिन काही निसर्गदृश्यांच्या कौतुकातून जन्माला आलेला नाही. १९६९ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलगळती झाली, ती पाहून सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना कल्पना सुचली. २२ एप्रिल १९७० ला अमेरिकेत सुमारे २ कोटी लोक त्यात सहभागी झाले. धूर, सांडपाणी, कीटकनाशकं यांवर बोलायला ते बाहेर पडले होते.

त्याआधीचं एक उदाहरण तर प्रसारणातलंच आहे. ३ एप्रिल १९६३ ला सीबीएस या अमेरिकी वाहिनीने रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या कीटकनाशकांच्या धोक्यांवरच्या पुस्तकावर एक कार्यक्रम दाखवला. पाचपैकी तीन प्रायोजकांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. कार्यक्रमात नेत्रदीपक असं काही नव्हतं. घरात बसून शांतपणे बोलणाऱ्या कार्सन एका बाजूला आणि पांढरा कोट घातलेले रसायन उद्योगाचे रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स दुसऱ्या बाजूला. कोणती फवारणी, कोणी केली, कोणाच्या परवानगीने, हे प्रश्न थेट विचारले गेले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा कीटकनाशकांवरचा अहवाल आला आणि १९७२ साली अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाच्या बहुतेक वापरावर बंदी आली. हे सारं त्या एका कार्यक्रमामुळे घडलं असं मी म्हणणार नाही, पण लोक तेव्हा कशाबद्दल बोलत होते हे त्याने नक्कीच बदललं.

याउलट बाजूही ऐका, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतील. २०१७ च्या ‘ब्लू प्लॅनेट २’ या समुद्रावरच्या बीबीसी मालिकेनंतर समुद्रातल्या प्लॅस्टिकची प्रचंड चर्चा झाली. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की मालिकेचा भाग पाहून लोकांची माहिती वाढली, प्लॅस्टिक निवडण्याच्या वागण्यात मात्र फरक पडला नाही. म्हणून शेवटी पडद्यावर ‘चला, पृथ्वी वाचवू या’ अशी पाटी लावून काही साधेल असं वाटत नाही. पाटीऐवजी त्या तळ्याबद्दलचा निर्णय कोणाच्या हातात आहे ते सांगा.

तुमच्या तासाभराचं म्हणाल तर ड्रोनची दृश्यं दोन मिनिटांपुरती ठेवा. वरून सगळंच सुंदर दिसतं, उकिरडासुद्धा. शिवाय पाणपक्ष्यांची वीण चालू असेल तर ड्रोन आणखी उडवू नका. सुरुवात पहाटेच्या आवाजाने करा आणि तो सलग ऐकू द्या, चार-पाच मिनिटं, निवेदनाशिवाय. ऐकणारे कंटाळतील अशी भीती गटातलं कोणीतरी घालेलच. त्यांना सांगा, स्वीडनची एसव्हीटी वाहिनी २०१९ पासून दर वसंतात मूस हरणांचं नदी ओलांडणं आठवडेच्या आठवडे थेट दाखवते. तासन्‌तास काहीच घडत नाही आणि लोक चिकटून बघत बसतात.

पक्ष्यांमागे गाड्यांचा आवाज वाढत जाईल तिथेच निवेदकाने पहिल्यांदा तोंड उघडावं. हा रस्ता कधी झाला, वर्दळ किती वाजता वाढते, त्यानंतर कोणता पक्षी ऐकू येईनासा होतो? गोंगाट असलेल्या ठिकाणी काही पक्षी वरच्या पट्टीत गातात. युरोपातल्या शहरांत ग्रेट टिट या पक्ष्याबाबत हे नोंदवलं गेलंय. तुमच्या अभ्यासकाला इथेच आणा. ‘आपण काय संदेश द्याल?’ हा प्रश्न कृपा करून टाळा, त्याला उत्तरही तसंच छापील मिळतं. रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर वाजवा आणि काय ऐकू येतंय ते विचारा. त्याहून महत्त्वाचं, काय ऐकू यायला हवं होतं आणि येत नाही?

तांत्रिक बाबी थोडक्यात. वाऱ्याची फडफड मात्र जरूर काढा, आणि तीही सॉफ्टवेअरने नंतर काढण्यापेक्षा माइकवर केसाळ कव्हर लावून आधीच टाळा. रेकॉर्डरवर आवाजाची पातळी कमी ठेवून २४ बिटच्या सेटिंगला ध्वनिमुद्रण करा, रेकॉर्डर लावून लांब जाऊन बसा. पक्षी बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवण्याची युक्ती विणीच्या काळात तर अजिबात नको, कारण तो खाणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो. घरट्याची नेमकी जागा ना बोलण्यात येऊ द्या, ना फाइलमधल्या जीपीएस नोंदीत.

आणि मूळ रेकॉर्डिंग, कापाकापी न केलेलं, तारीख, वेळ आणि माइकची जागा लिहून जपून ठेवा. पुढच्या २२ एप्रिलला त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पातळीवर पुन्हा ध्वनिमुद्रण केलंत तर दोन्ही एकामागोमाग वाजवता येतील. मग पुढच्या वर्षी काय दाखवायचं यावर बैठक घ्यावी लागणार नाही.