कार्डावरचं वचन आणि पाच तारखेचा हप्ता

या वेळी पत्रं उघडली तर निम्मी पैशाचीच निघाली, म्हणून तीन एकत्र घेतेय. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीत आमच्याकडे बायबलच्या वचनांची कार्डं काढतात, मला यिर्मया 29:11 आलं, "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत" ते. मी ते फ्रिजवर लावलं. फेब्रुवारीत मिस्टरांची कंपनीतली कॉन्ट्रॅक्टची नोकरी गेली. गाडीचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला, बचत गटाचं कर्ज आहे, मुलीची फी राहिलीये. चर्चमध्ये कोणाला सांगितलं नाही, लाज वाटते. फक्त प्रार्थना गटातल्या एका ताईंना बोलले तर त्या म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय, चिंता करणं पाप आहे. आता चिंतेचीपण चिंता वाटते. देव पुरवतो तर मग आमच्याच घरी का नाही?

उत्तर : अगं, आधी एक कबुली देते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीतल्या एका बाईचा नवरा गेला, मी भेटायला गेले, हात धरून प्रार्थना केली, "देव पुरवील हो" म्हणाले आणि चहा पिऊन घरी आले. तो चहा तिने शेजारून दूध आणून केला होता हे मला नंतर कळलं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच लिहिलंय, भाऊ-बहीण उघडे आणि उपाशी असताना तुम्ही नुसतं "ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणालात तर काय उपयोग. तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. तर त्या प्रार्थना गटातल्या ताईंवर रागावू नकोस, पण त्यांचं ऐकूही नकोस.

आता तुझं कार्ड. वचन खरं आहे, पण कार्डाची जागा लहान असते ना, त्यामुळे वरचं दहावं वचन त्यात मावत नाही. घरी बायबल उघडून तो अध्याय पहिल्यापासून वाच. ते एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पाठवलेलं, आणि दहाव्या वचनात देव म्हणतो की सत्तर वर्षं झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यातले बरेच जण तोपर्यंत राहणारही नव्हते. आणि त्याच्या आधीचा अध्याय बघ, तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होणार. लोकांना हनन्याच आवडला असणार, मलाही आवडला असता. पण तो खोटा ठरला. आणि या सत्तर वर्षांत करायचं काय, तर पत्रात लिहिलंय घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं बघा. म्हणजे ज्या वचनाचं कार्ड आपण फ्रिजवर लावतो त्याच्या मागे भाजीचा मळा आहे. एक तारखेला पैसे येतील असं ते वचन म्हणत नाही, तुम्हाला परक्या गावात मी सोडलेलं नाही असं म्हणतं.

आमच्या घरी हे मी लहानपणी बघितलं. 1972 चा दुष्काळ, मी आठ वर्षांची. आई खडी फोडायला जायची, तिथे कामावर सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आमच्यासाठी घेऊन यायची. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि ताटात तुकडेच पडायचे. आई जेवायच्या आधी प्रार्थना म्हणायची, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे", आणि माझा धाकटा भाऊ डोळे उघडून म्हणायचा, आई ही भाकर नाहीये, हा मिलो आहे. बाबा मोठ्याने आमेन म्हणायचे म्हणजे पुढची चर्चा बंद. पुढे संडे स्कूलमध्ये शिकले की मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न, या शब्दाचा अर्थच मुळी "हे काय आहे?" असा, निर्गम 16 मध्ये लोकांनी सकाळी जमिनीवर ते पांढरं बघून एकमेकांना हेच विचारलं, तेव्हा मला आमची ताटं आठवली. देवाने पुरवलेलं ओळखू येतंच असं नाही, आणि आवडतंच असं तर अजिबात नाही. त्या वर्षी आमची दोन्ही बैलं गेली, ती काही परत आली नाहीत, तेही सांगून ठेवते.

मान्ना उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे, हे आपण सगळे सांगतो. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा असंही देवानेच सांगितलं होतं, ते किडलं नाही. तेव्हा हिशोब करणं म्हणजे अविश्वास असं कोणी म्हणालं तर हे दाखव. आणि डोंगरावर येशू चिंता करू नका म्हणाला तेव्हा समोर बसलेले बहुतेक रोजंदारीवरचे, कोळी, शेतकरी असेच असणार, त्यांना तो दटावत नव्हता. शेवटी तो काय म्हणतो बघ, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. म्हणजे दुःख आहे हे त्यानेच कबूल केलंय. रात्री दोन वाजता जाग येते ते पाप नाही बाळा, तो हप्ता आहे.

लाजेबद्दल मात्र बोलायचंय. 2 राजे 4 मधली विधवा तुला माहीत असेल, तेलाच्या कुपीची. सावकार तिच्या दोन पोरांना गुलाम म्हणून न्यायला येणार होता. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली आणि काहीच न लपवता सगळं सांगितलं. तो म्हणाला घरात काय आहे, ती म्हणाली तेवढी तेलाची कुपी. मग त्याने तिला पाठवलं कुठे, तर शेजाऱ्यांकडे रिकामी भांडी मागायला, आणि वर म्हणाला थोडीथोडकी आणू नकोस. आता विचार कर, कर्जात बुडालेली बाई दारोदार रिकामे हंडे मागत फिरतेय म्हणजे सगळ्या गल्लीला कळलंच असणार ना. देव कुपीतूनच तेल वाढवणार होता, पण भांडी शेजाऱ्यांची लागली. भांडी संपली आणि तेल थांबलं. आणि चमत्कारानंतरचं वाक्य तर मला सगळ्यात आवडतं: जा, तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्कार झाला तरी कर्ज फेडायचंच होतं.

म्हणून तू असं कर. एका वहीत सगळं लिही, कोणाचे किती, तारीख काय, आणि मिस्टरांना शेजारी बसवून लिही, एकटीने नाही. 5 तारीख यायच्या आधी, चुकल्यावर नाही, बँकेत जाऊन सांगा की नोकरी गेलीये, हप्ता कमी करून मुदत वाढते का विचारा. पगारातून पीएफ कापला जात होता का ते पासबुकात बघा, कॉन्ट्रॅक्टवरच्या बऱ्याच जणांना आपला पीएफ आहे हेच माहीत नसतं. शाळेत जाऊन फीचे तुकडे करून मागा. आणि एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज उचलू नकोस, काहीही झालं तरी, त्यातून बाहेर पडताना मी बायकांचं मंगळसूत्र जाताना बघितलंय. मग पाळकसाहेबांकडे किंवा महिला मंडळाच्या अध्यक्ष बाईंकडे जा आणि त्या विधवेसारखं सरळ सांग. त्यांना नुसती प्रार्थना करा म्हणू नकोस, भांडं माग. किराणा असेल, कोणाच्या ओळखीत काम असेल.

आणि तुमच्याच घरी का नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. बैलांचंही नव्हतं.

प्रश्न : मी पुण्यात जॉब करतो, हातात 19 हजार येतात, 7 गावी आईला पाठवतो, तिला शुगरची औषधं आहेत. मी जातो त्या फेलोशिपमध्ये सांगतात दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला नाही तर तू देवाला लुबाडतोस, आणि दिलं तर शंभरपट परत येतं. मागच्या दोन महिन्यांत मी मोबाईलवरच्या लोन ॲपमधून पैसे काढून दशमांश दिला. शंभरपट नाही आलं, रिकव्हरीवाल्यांचे फोन आले.

उत्तर : भाऊ, ते ॲप आधी बंद कर. कर्ज काढून दिलेलं अर्पण तुझं नसतं, सावकाराचं असतं, आणि त्यावर व्याज तू भरतोस.

मलाखी 3 मधलं लुबाडण्याचं वचन तुला ऐकवतात, पण तिथेच पुढे लिहिलंय की माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून दशमांश भांडारात आणा. ते अन्न कोणासाठी, ते अनुवाद 14 च्या शेवटी आहे, दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून गावातच ठेवायचा. तुझी आई या यादीत बसते की नाही तूच सांग. आणि मार्क 7 मध्ये येशू कोणावर चिडलाय? तर आईबापाच्या वाट्याचं "कुर्बान" म्हणून देवाला वाहणाऱ्यांवर. हे वचन मी दशमांशाच्या संदेशात फार कमी वेळा ऐकलंय, का ते विचारू नकोस.

देऊ नको असं मी म्हणत नाहीये हां. देण्याने हात मोकळा राहतो आणि गरिबाला तर त्याची जास्त गरज असते, नाहीतर माणूस पैशापाशीच अडकतो. पण पौल करिंथकरांना 2 करिंथ 8 मध्ये म्हणतो, जवळ असेल त्याप्रमाणे द्या, नसेल त्याप्रमाणे नाही. मिझोराममध्ये बायका शंभर वर्षांहून जास्त काळ प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला, तो गोळा करून चर्चला देतात. मूठ म्हणजे आज डब्यात जे आहे त्यातली. सध्या तू शंभर रुपये दे, आनंदाने दे, ॲपचं कर्ज फिटलं की वाढव. आणि शंभरपटीचा हिशोब सांगणाऱ्याला एकदा विचार की तुमच्या फेलोशिपच्या भांडारातून या वर्षी किती विधवांच्या घरी किराणा गेला.

प्रश्न : पंडिता रमाबाईंनी सगळं देवावर सोडून मुक्ती मिशन चालवलं. मग आपण विमा, बचत करणं हा अविश्वास नाही का?

उत्तर : रमाबाई प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरची चरित्रकथा वाचून भारावल्या होत्या हे खरं, आणि 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या तेव्हा त्यांना कसं पोसणार याचं उत्तर हातात नव्हतं हेही खरं. पण केडगावला, मुक्ती मिशनमध्येच, त्यांनी काय उभं केलं ते बघा की. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. त्याच्याही आधी शारदा सदनासाठी, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शाळेसाठी, बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ते मिळवायला बाई अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या होत्या. म्यूलर तर दरवर्षी जमाखर्च छापायचा. आणि मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात ठेवला, तो काय अविश्वास होता?

काढा विमा. फक्त फॉर्ममध्ये नॉमिनीचं नाव बायकोचं टाका आणि पॉलिसी कुठे ठेवलीये ते तिला सांगा, आमच्याकडे मोठ्या दिरांची पॉलिसी त्यांच्या जुन्या स्तोत्रसंहितेत चार वर्षांनी सापडली.