शिकाऊ इंजिनिअरला किती द्यायचे?

प्रश्न : सर, अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं युनिट आहे. कंत्राटी धरून ३४ माणसं. दोन मेकॅनिकल इंजिनिअर ‘इंटर्न’ म्हणून घेतले, त्याला आता वर्ष होत आलं. मुलगा शहाद्याचा, खोली करून राहतो म्हणून त्याला १२,००० देतो. मुलगी क्वालिटीला आहे, सिडकोत आईवडिलांकडेच राहते म्हणून तिला ९,०००. मुलाला वर पीसमागे थोडा इन्सेंटिव्हही देतो. दोघंही वाढ मागताहेत. माझी ना नाही, पण अकरा वर्षं जुना आयटीआय ऑपरेटर १९,५०० वर आहे आणि तो आत्ताच घुश्शात आहे. योग्य आकडा कोणता?
— एक कारखानदार, नाशिक

उत्तर : आकड्यावर येतोच. त्याआधी गेल्या पंधरवड्याचे इन्स्पेक्शन रिपोर्ट काढून बसा. दुसऱ्या पाळीत ऑफसेट (मशीनमधली टूलची मापदुरुस्ती) कोण टाकतं? फर्स्ट पीस, म्हणजे लॉटचा पहिला नग, कोण पास करतं? खाली सही कोणाची? मुलाच्या सेटिंगवर आणि मुलीच्या सहीवर माल डिस्पॅचला जात असेल, तर त्यांचं शिकणं केव्हाच संपलं. उद्या गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला तर तुम्ही त्याच सहीवर बोट ठेवणार ना? मग त्या सहीचा पगार द्या. किमान वेतन, पीएफ, ईएसआय हे सगळं त्यात आलं. माझी उभी हयात पर्सोनेल खात्यात गेली. कामाला कामगार आणि पैशाला विद्यार्थी, हा प्रकार मी भरपूर पाहिलाय.

पुढे खरोखरच शिकाऊ घ्यायचे असतील तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार करून, पोर्टलवर नोंदवून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारकच आहे. तुमच्या हिशेबात किमान एक, जास्तीत जास्त पाच. २०१९ च्या नियमांत विद्यावेतन पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनाच्या सगळ्या पट्ट्यांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा करार करायच्या दिवशी लागू असलेला आकडा बघूनच सही करा. नॅट्स या केंद्राच्या शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. नाशकातले कितीतरी कारखानदार ही सवलत सोडून देतात आणि वर ‘परवडत नाही’ म्हणतात! आणि हो, तुमचा तो पीसमागचा इन्सेंटिव्ह. करारावरच्या शिकाऊला पीसरेटने पैसे देणं किंवा उत्पादन-बोनसच्या योजनेत ओढणं याला कायद्याची सरळ मनाई आहे. कारण उघड आहे. नग मोजायला लागलेलं पोर मायक्रोमीटर हातात धरत नाही.

आता मुलीचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. ती आईवडिलांकडे राहते, यात तुमच्या कारखान्याचा काय संबंध? तिच्या घरी कर्जाचे हप्ते असतील, धाकट्या भावाची फी असेल, नाहीतर काहीच नसेल. तुम्ही चौकशी करायची ती बोअर गेजच्या, म्हणजे भोकाचं माप घेणाऱ्या उपकरणाच्या, रीडिंगची. मुलाचं लग्न होऊन सासरे नाशकातच निघाले आणि तो तिकडे राहायला गेला, तर तुम्ही त्याचे तीन हजार कापणार आहात का? नाही ना? सारख्या कामाला बाईमाणसाला कमी देऊ नये, हे १९७६ पासून कायद्यात आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. ‘दोघांचं काम वेगळं आहे’ असं म्हणाल, तर दोन्ही कामांची जबाबदारी कागदावर मांडा. माझ्या मते सेटिंगपेक्षा अंतिम तपासणीची सही हलकी नाहीच. परगावच्या मुलाला मदत करायचीय? जरूर करा. ‘निवास भत्ता’ म्हणून वेगळा दाखवा, आणि उद्या बाहेरगावची मुलगी आली तर तिलाही तोच द्या.

तळाचा आकडा ठरवताना मात्र खोली करून राहणाऱ्याचाच खर्च धरा. कॉटचं भाडं, दोन वेळचा डबा, गाडीत पेट्रोल, मोबाइल, महिन्यातून एकदा घरी जायचं एसटीचं तिकीट. त्या मुलालाच शेजारी बसवून हिशेब मांडा. महिनाअखेर त्याला घरून पैसे मागवावे लागत असतील, तर तुमच्या कारखान्याचा खर्च शहाद्याचा बाप भागवतोय.

ऑपरेटरचा राग मला रास्त वाटतो, पण त्याचं कारण ही पोरं नाहीत. अकरा वर्षांत त्याला मिळालेली वाढ तेवढीच, हे आहे. त्याला थांबवून पोरांना वाढ दिलीत तर तो जाईल. पोरांना थांबवलंत तर ती जातील. म्हणून आधी त्याचे किमान २३,००० करा, आणि पोरांना सेटिंग तोच शिकवतो तर त्याचा दीड हजार शिकवणी भत्ता वेगळा लावा. मग दोघा इंजिनिअरांना १८,००० वर कायम करा, दोघांनाही एकाच तारखेला. हे आकडे तुमच्या पत्रावरून काढलेत. आपल्या परिमंडळाचं (किमान वेतनासाठी पाडलेल्या विभागाचं) किमान वेतन विशेष म्हणजे महागाई भत्त्यासह ताडून घ्या, तो भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पुढच्या वाढीची अट साधी ठेवा आणि लिहून द्या : अमुक तीन पार्ट कुणाच्या मदतीशिवाय सेट करून पास केले की २०,०००. तो कागद ऑपरेटरलाही दाखवा. पगार लपवण्याचा तुम्हाला सोस असेल, पण कँटीनमध्ये सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

प्रश्न : काका, मी पुण्यात बीकॉम झाले. एका मार्केटिंग एजन्सीत तीन महिने बिनपगारी इंटर्नशिप आहे, वर सर्टिफिकेटसाठी दोन हजार डिपॉझिट मागताहेत. जाऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. काम तू करणार आणि पैसेही तूच भरणार? राज्य सरकारनेसुद्धा २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० ठरवले. एजन्सीला ते सांगून बघ. आणि मूळ मार्कशीट ‘जमा करून ठेव’ म्हणाले, तर झेरॉक्ससुद्धा देऊ नकोस.