भिंतीवरचा हातमोजा

"मॅडम, बारा वर्षं वॉर्डच बघितला. आता मुलाखतीत सांगू काय?"

कामाचं स्वरूप बदलू पाहणारा, मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. हिचं नाव सांगत नाही. मिरजेत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणते. सर्जिकल वॉर्ड, कंबर धरलेली, नाइट झेपेना. दुसऱ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्सची, म्हणजे हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये हे बघणाऱ्या नर्सची, जागा निघाली होती. हातात आठ दिवस.

पहिली चूक माझीच. नेहमीच्या प्रश्नांची छापील यादी दिली तिला. दोन दिवसांनी सिस्टर सगळी उत्तरं घोकून हजर. पंधरा ऑगस्टचं भाषण म्हणावं तशी. मधेच अडवलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून! यादी बाजूला ठेवली आणि साधंच विचारलं, "स्टाफला कधी शिकवलंय?"

"नाही हो. मी फक्त वॉर्डात होते."

मग चहा आला आणि सिस्टर वैतागून बोलू लागली. मावश्या वापरलेले हातमोजे पिवळ्या पिशवीत टाकायच्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम तिला तोंडपाठ: हातमोजे लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, सुया पांढऱ्या डब्यात, औषधांच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. तक्ता भिंतीवर होता, पण इंग्रजीत. "शेवटी मी लाल डब्याच्या वर एक नवा हातमोजाच चिकटवला. पिवळ्यावर कापसाचा बोळा. मग चुका कमी झाल्या."

"आणि हे शिकवणं नव्हे?"

"हे? हे आपलं असंच."

हे 'आपलं असंच' खणून काढण्यातच आमचे पुढचे तीन दिवस गेले. दुसरा शत्रू 'आम्ही'. आम्ही करायचो, आमच्याकडे व्हायचं. 'मी केलं' म्हणणं आपल्याला फुशारकी वाटते, पण समोरच्याला नेमकं कोणी केलं ते कळायला नको? 'आम्ही' आलं की मी टेबलावर पेन वाजवायची. बिचारी दचकायची.

वॉर्ड का सोडताय, याला तिचं उत्तर होतं, "नाइट झेपत नाही." खरं होतं, लपवायचं कारण नव्हतं. फक्त ते पहिलं वाक्य नको, एवढंच मी सुचवलं. आधी हातमोज्याची गोष्ट, कंबर नंतर.

राहिलं न येणारं काम. ऑडिट, म्हणजे नियम पाळले जातात का याची तपासणी, तिने कधी केलं नव्हतं. त्यावर मुलामा चढवायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी त्याच पदावर असलेल्या एका ओळखीच्या नर्सला फोन करून तिचा सोमवार कसा जातो ते विचारायला लावलं. वॉर्डावॉर्डांतून फिरून कोण कधी हात धुतं त्याच्या नोंदी, सुई टोचल्याचे रिपोर्ट, मग एक्सेल. अर्ध्या तासाच्या त्या फोनने माझ्या यादीपेक्षा जास्त काम केलं.

मुलाखतीच्या संध्याकाळी फोन आला. "ऑडिट केलेलं नाही, नोंदी मात्र रोज ठेवलेल्या आहेत, असं सरळ सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, तो हातमोजा भिंतीवर टिकला किती दिवस?"

"मग?"

"म्हटलं, दर सोमवारी मी नवा लावायचे."

'मी' म्हणाली. इकडे माझा पेन टेबलावरच पडून होता.