एडब्ल्यूडीचा दिवा लागतोय? सेन्सर बदलण्याआधी टायर मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी दोन वर्षांपूर्वीची आख्खी कटकट डोळ्यासमोर आली. गोव्याहून येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या पुढे आलात की एडब्ल्यूडीचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो, खालून जळकट वास येतो, चहाला थांबून पुन्हा चालू केली की दिवा गेलेला असतो. सेंटरवाले म्हणतात सेन्सर बदलू. हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. पण खरी गोष्ट शेवटच्या ओळीत टाकलीय, "गेल्या महिन्यात मागे दोन नवे टायर टाकले, त्यामुळे टायरचा प्रश्न नाही."

दादा, प्रश्न तिथंच असणार असं मला वाटतंय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. गाडी न बघता छातीठोक सांगणारा माणूस दिसला तर त्याच्यापासून लांबच राहा, माझ्यासकट. माझ्या गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अमक्या कंपनीच्या गाड्याच भिकार म्हणून इथं वेगळीच भांडणं सुरू होतील. गाडी चांगली होती. शहाणपण माझं कमी पडलं.

झालं असं की जांबोटीच्या अलीकडे पावसात खड्ड्याच्या कडेनं एका बाजूचे दोन्ही टायर फाडले. उरलेले दोन अर्धेअधिक झिजलेले, पण अजून वर्षभर चालतील असे. चार टायर घ्यायचे कशाला म्हणून दोनच घेतले. दुकानदारानं नवे मागे टाकले, जुने पुढे. त्याचंही चुकलं नाही. साध्या गाडीत नवे टायर मागेच टाकतात, ओल्या रस्त्यावर मागचा भाग घसरू नये म्हणून. एडब्ल्यूडीत मात्र याच शहाणपणानं माझा घात केला.

आपल्याकडच्या बहुतेक एडब्ल्यूडी एसयूव्हींमध्ये एरवी पुढचीच चाकं ओढतात. मागच्या डिफरन्शियलजवळ (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) क्लच प्लेट्सचं एक कपलिंग, म्हणजे जोडणी, असतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरताना दिसली की कॉम्प्युटरला वाटतं, पुढे घसरतंय. तो त्या प्लेट्स आवळतो आणि ताकद मागे जाते. जेवढं आवळेल तेवढी. जाहिरातीतला ५०:५० हा आकडा वाचून दोन्हीकडे कायम निम्मी निम्मी वाटणी होते असं समजू नका. प्लेट्स पूर्ण आवळल्या तर पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो, एवढंच. पुढची चाकं शेवाळलेल्या दगडावर असली तर त्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही, सगळा जोर मागे लागतो.

आता झिजलेला टायर घेराला लहान. तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणजे माझी पुढची चाकं कोरड्या डांबरावर, सरळ रस्त्यावरही जरा जास्तच फिरत होती. कॉम्प्युटरला ती दिवसभर घसरतायत असंच दिसत होतं. तो बिचारा प्लेट्स आवळत राहायचा, प्लेट्स एकमेकींवर घासत राहायच्या, घाटात भार वाढला की तापायच्या. फार तापल्या की यंत्रणा स्वतःला वाचवायला कपलिंग सोडून देते आणि दिवा लावते. गार झालं की पुन्हा पूर्ववत. चहा पिऊन दिवा जातो तो त्यामुळं, चहाचा गुण नव्हे.

आणि हे त्या मोठ्या काचेच्या सर्व्हिस सेंटरात कुणालाच सुचलं नाही. चार चकरा झाल्या. पहिल्यांदा चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा दुसऱ्या चाकाचा. तिसऱ्यांदा कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड नुसता पुसून दिला आणि त्याचेही पैसे घेतले. चौथ्यांदा कपलिंगच बदला म्हणून लाखाच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलं. तक्रार मी मराठीत सांगायची, सल्लागार मान डोलवत इंग्रजीत टाईप करायचा, आणि जॉबकार्डवर उमटायचं "कस्टमर कम्प्लेंट: नॉइज". आवाज म्हणून मी एकदाही बोललो नव्हतो! वास म्हणालो होतो, वास!

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य घालवलेले एक मामा भेटले. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नाही. दारातल्या सपाट काँक्रीटवर गाडी घेतली, पुढच्या आणि मागच्या टायरला खडूनं खूण केली, तशीच खूण खाली जमिनीवर. मग गाडी हळू ढकलत दहा फेरे मोजले. टेप लावली तर पुढचं चाक मागच्यापेक्षा एक वीतभर कमी गेलं होतं. दहा फेऱ्यांत वीत, म्हणजे शंभर किलोमीटरमागे साधारण एक किलोमीटरचा फरक. मामा एवढंच म्हणाले, "हे बघून कुणी पण भांडतंय की."

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, नवे घेतले. कपलिंगचं तेल बदललं; ते काळं आणि जळक्या वासाचं निघालं. त्यानंतर दिवा लागलेला नाही. तुमच्या प्लेट्स आधीच जळल्या असतील तर नुसत्या टायरनं भागेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

टायरच्या खाचांच्या खोलीत किती मिलिमीटर फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकातच बघा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. मी दोनच्या वर जाऊ देत नाही, हा माझा भित्रेपणा समजा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे करून घेतो, म्हणजे झीज सारखी राहते. हवा कमी-जास्त असली तरी थोडाफार फरक पडतो. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिच्यावर पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं, गोव्यापर्यंत नाही. आणि गाडी कधी बंद पडली तर दोन चाकं वर उचलून ओढू देऊ नका, चारही चाकं ट्रकवर चढवा.

खाली कुणीतरी लिहिलंय की थारसारखी फोर-बाय-फोर कायम टाकूनच चालवावी. कृपा करून ऐकू नका. थार, जिम्नी यांत पुढचा-मागचा शाफ्ट सरळ जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या चाकांना मोठा फेरा पडतो, मागच्यांना लहान. चिखलात चाक जरासं घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागाच नसते. मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि टायर किंचाळतात. आपल्या एडब्ल्यूडी गाड्यांचं प्लेट्स आवळून धरणारं 'लॉक' बटण पण चिखलापुरतंच वापरायचं.

सेन्सरला अजून होकार देऊ नका. सकाळी टायर गार असताना हवा सारखी करून घ्या, खडू आणि टेप काढा, दहा फेरे मोजा आणि चारही चाकांचे आकडे इथं टाका. आकडे सारखे आले तर मी चुकलो, मग खुशाल सेन्सर बदला.