पस्तीस टक्क्यांचं गणित

"मॅडम, माझं हृदय ३५ टक्केच उरलंय. बाकीचं गेलं." खुर्चीत टेकायच्या आधीच काकांनी सांगून टाकलं. वय ६२. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात आल्यापासून जिना बंद, फिरणं बंद. रात्रीची झोपही उडालेली. डोळा लागला आणि हृदय थांबलं तर, ही धास्ती.

'हार्ट फेल्युअर' या नावानेच निम्मा घात होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हृदय बंद पडलं. खरं तर ते चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलताना कमी पडतं.

मी कागदावर एक पिशवी काढली. "ही पिशवी एका ठोक्यात पूर्ण रिकामी कधीच होत नाही, काका. धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर पडतं. तुमचं ३५. कमी आहे, पण तुलना शंभराशी नाही, या ५५-७० शी करायची."

चित्राकडे बघत ते हळूच म्हणाले, "म्हणजे ६५ टक्के मेलेलं नाही?"

"नाही. आणि औषधं नीट घेतली तर अनेकांचा हा आकडा वाढतोही."

इथे मी थांबले असते तर चुकले असते. सहज विचारलं, उशा किती घेता? उत्तर काकूंनी दिलं. "महिनाभर तीन. आडवे झाले की दम लागतो. मोज्यांचे वळ पायावर संध्याकाळपर्यंत राहतात." ही नुसती भीती नव्हती, अंगात पाणी साठत होतं. खोदून विचारल्यावर कळलं, रात्री उठावं लागतं म्हणून काका लघवीची गोळी परस्पर गाळत होते, आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या रोज चालू होत्या. त्या गोळ्यांनी पाणी आणखी साठतं. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी वेदनाशामक बंद केली आणि लघवीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली.

घरी करायचं ते थोडकंच: मीठ कमी, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. दाराशी मुलाने विचारलं, "मला होऊ नये म्हणून?" आधी रक्तदाब मोजून घे, म्हटलं. तो त्याने कधीच मोजला नव्हता.

पुढच्या खेपेला काका वही घेऊन आले. तारीख, वजन, आणि तिसरा रकाना त्यांनीच आखलेला: उशा. शेवटच्या चार ओळींत 'एक' लिहिलं होतं.