कार्मेल हायस्कूल, पोहण्याचा संघ आणि नववीत येणारी मुलगी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत पुण्याहून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कार्मेलला येताय, मुलगी नववीत जाणार, जिल्हा स्पर्धांमध्ये पोहलेली आहे. तिथल्या शाळेच्या पोहण्याबद्दल बरंच ऐकलंय, तर तिला संघात जागा मिळेल का आणि कॉलेजच्या प्रवेशाला त्याचा उपयोग होईल का? आम्ही याच भागात राहतो, शेजारपाजारची बरीच मुलं या शाळेतून बाहेर पडली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ऐकलंय ते खरं आहे. कार्मेलच्या मुलींनी 1987 पासून राज्याचं पोहण्याचं विजेतेपद एकदाही सोडलेलं नाही. 2025च्या फेब्रुवारीत सलग 39वं झालं. 2016 साली 30वं झालं तेव्हा होनोलुलूच्या पुनाहू शाळेच्या मुलांचा 29चा राष्ट्रीय विक्रम मागे पडला. म्हणजे आज संघात असलेल्या मुलींच्या काही आयासुद्धा शाळेत जायच्या आधी ही मालिका सुरू झाली. या मुलींवर जिंकण्यापेक्षा 'आपल्या वर्षी तुटू नये' याचंच दडपण जास्त असतं, असं मला नेहमी वाटतं.

पण हे घडतं कसं ते समजून घ्या, कारण तुमच्या मुलीच्या जागेचं उत्तर त्यातच आहे.

पहिलं कारण शाळेचा आकार. कार्मेल हे इंडियानापोलिसच्या उत्तरेला लागून असलेलं उपनगर, 2020च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाखाच्या जेमतेम खाली. (दीडशेच्या वर राउंडअबाउट आहेत, गाडी शिकताना तुम्हाला कळेलच.) एवढ्या गावाला सरकारी हायस्कूल (म्हणजे नववी ते बारावी) मात्र एकच, विद्यार्थी पाच हजारांच्या वर. शेजारच्या फिशर्समध्ये गाव वाढलं तसं 2006 साली दुसरं हायस्कूल काढलं. कार्मेलने शाळा फोडली नाही, इमारतच वाढवत नेली. आता गंमत बघा. पोहण्यात इंडियाना राज्यात लहानमोठ्या शाळांचे वेगळे गट नाहीत, सगळे एकाच स्पर्धेत. बास्केटबॉललाही 1997 पर्यंत असंच होतं, आणि त्या एकगटी काळात 1977 साली कार्मेलच्या मुलांनी राज्य जिंकलेलं आहे. पोहण्यात ती पद्धत अजून टिकून आहे. तीनशे मुलांची खेड्यातली शाळा आणि पाच हजारांचं कार्मेल शेजारच्या लेनमध्ये. इथे यावर तक्रार करणारे खूप आहेत आणि मला ती तक्रार रास्त वाटते.

दुसरं कारण गुणांची पद्धत. हायस्कूलच्या स्पर्धेत 12 प्रकार असतात: आठ वैयक्तिक शर्यती, तीन रिले आणि डायव्हिंग. एका मुलीला जास्तीत जास्त चार प्रकार, त्यातले वैयक्तिक दोनच. राज्य अंतिम स्पर्धेत पहिल्या सोळा जणींना गुण मिळतात आणि रिलेचे गुण दुप्पट. म्हणजे एखाद्या शाळेत एकच अफाट पोहणारी मुलगी असेल तर ती दोन सुवर्णपदकं घेऊन घरी जाईल, शाळेला चषक मिळणार नाही. चषक मिळतो तो नवव्या, बाराव्या, पंधराव्या येणाऱ्या मुली ज्यांच्याकडे आहेत त्यांना. कार्मेलकडे त्या असतात. दुसऱ्या शाळेत जी मुलगी संघाची पहिली पसंती ठरली असती ती इथे रिलेच्या चौथ्या जागेसाठी झगडते.

तिसरं कारण क्लब, आणि माझ्या मते खरं कारण हेच. शाळेच्या तलावावरच कार्मेल स्विम क्लब चालतो. क्रिस प्लम्ब हे क्लबचे आणि शाळेच्याही संघाचे मुख्य प्रशिक्षक. मुलं सहा-सात वर्षांची असताना क्लबात येतात आणि नववीत पोचतात तेव्हा सात-आठ वर्षं एकाच पद्धतीने घडलेली असतात. ड्र्यू किब्लर आणि जेक मिचेल इथलेच, दोघेही टोकियो ऑलिंपिकला गेले. मिचेलची गोष्ट मुलीला जरूर सांगा. अमेरिकेच्या ऑलिंपिक संघासाठी ओमाहा शहरात झालेल्या 2021च्या निवड चाचणीत 400 मीटर फ्रीस्टाईलला तो दुसरा आला, पण ऑलिंपिकची पात्रता वेळ हुकली. मग त्याच तलावात तो एकटा उतरला, आजूबाजूच्या सगळ्या लेन रिकाम्या, आणि वेळ गाठली. पुढे टोकियोत अंतिम फेरीपर्यंत पोचला. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकला अ‍ॅरन आणि अ‍ॅलेक्स शॅकेल ही बहीणभावंडंही याच शाळेची.

आपल्याकडे सचिन क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात गेला, तसं इथे सहजासहजी होत नाही. सरकारी शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. खेळासाठी शाळा बदलण्यावर राज्याच्या क्रीडा संघटनेची वर्षानुवर्षं कडक बंधनं होती, अलीकडे ती सैल झालीत. त्यामुळे लोक शाळा बदलत नाहीत, घर बदलतात, आणि परंपरेची किंमत घरभाड्यात भरतात. तुम्ही अजून भाडेकरार केला नसेल तर एवढं लक्षात ठेवा की कार्मेल असा पिनकोडचा पत्ता असूनही काही घरं दुसऱ्या शाळा-जिल्ह्यात मोडू शकतात. घरमालकाचा शब्द घेऊ नका, शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयात पत्ता देऊन खात्री करा.

आता तुमच्या मुलीचं. तिच्या वेळा तुम्ही लिहिल्यात त्या 50 मीटरच्या तलावातल्या आहेत. इथे हायस्कूलची स्पर्धा 25 यार्डांच्या तलावात होते. 100 यार्ड म्हणजे साडेएक्क्याण्णव मीटरही नाहीत, आणि तेवढ्यात तीन टर्न (भिंतीशी वळून परतणं) येतात, 50 मीटरच्या तलावात 100 मीटरला एकच यायचा. भिंतीवरून सुटणं आणि पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) यावर निम्मी शर्यत ठरते. आपल्याकडून आलेली मुलं पाण्यावर छान पोहतात आणि भिंतीवर मागे पडतात, हे मी अनेकदा पाहिलंय. वेळा यार्डांत बदलून देणारी गणकयंत्रं नेटवर आहेत, पण ती भिंतीवरचं कसब मोजत नाहीत. आत्तापासून जुलैपर्यंत तिच्या सरांना सांगून फक्त टर्न आणि किक करून घ्या.

मुख्य संघात, म्हणजे व्हार्सिटीत, नववीत जागा मिळेल असं मी सांगणार नाही. तुम्ही दिलेल्या वेळा पाहता अवघड आहे. मुलींचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत असतो, तर मधल्या तीन महिन्यांत तिला क्लबात घाला. शाळेच्या संघासाठीच नाही, क्लबात पोहणं हेच मुळात पोहणं आहे. इंडियाना राज्यात क्लबच्या स्पर्धा वयोगटाने होतात, तिथे तिला तिच्या तोडीच्या मुली भेटतील आणि आकडे सुधारताना दिसतील.

आणि एक वेगळी सूचना, रागावू नका. तिला क्रॉस कंट्री, म्हणजे मैदानातून-माळरानातून लांब पल्ल्याची शर्यत, धावून बघू दे. हंगाम ऑगस्टमध्येच सुरू होतो. पोहणाऱ्या मुलांचा दम चांगला असतो. अनेक शाळांत धावण्याच्या संघातून कुणाला काढत नाहीत (कार्मेलला यंदा काय नियम आहे ते खेळ विभागाला मेल करून विचारा). शिवाय ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा उघडेल तेव्हा पाच हजार अनोळखी चेहऱ्यांत तिच्या ओळखीच्या पंधरावीस मुली आधीच असतील. जेवणाच्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं, हा नववीतला सगळ्यात मोठा प्रश्न असतो. त्यापुढे 100 बटरफ्लायची वेळ काहीच नाही.

कॉलेजचं म्हणाल तर खेळावर शिष्यवृत्ती हा हिशेब डोक्यातून काढा. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळाच्या तिसऱ्या गटातल्या, कॉलेजांत क्रीडा शिष्यवृत्ती मुळातच नसते. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, महिला जलतरणाला कित्येक वर्षं एका संघामागे जास्तीत जास्त 14 शिष्यवृत्त्या असायच्या, त्याही तुकडे करून वाटत. 2025-26 पासून नियम बदललेत, पण त्यातून नवख्या मुलीसाठी दार उघडलं असं काही नाही. प्रवेशासाठी चार वर्षं एक गोष्ट धरून ठेवली हे दिसतं, ते व्हार्सिटी नसली तरी दिसतं.

अभ्यासाची अट माहीत असू द्या: राज्य संघटनेच्या नियमाने पूर्ण क्रेडिटच्या विषयांपैकी 70 टक्के विषयांत उत्तीर्ण असावं लागतं, नाहीतर खेळता येत नाही. तुमच्या मुलीला त्याची चिंता नसावी. चिंता असलीच तर वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मची. तो त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचाच लागतो, संघटनेच्या छापील नमुन्यावरच, आणि त्याशिवाय पहिल्या दिवशी सरावालासुद्धा उभं करत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांकडून लसीकरणाची नोंद इंग्रजीत सहीशिक्क्यासह आणा, पण तपासणी इथे करा. जुलैत सगळ्यांचीच धावपळ असल्याने डॉक्टरांची वेळ मिळत नाही, तेव्हा विमा सुरू झाला की पहिला फोन त्यासाठी करा.